बुटक्यांची ओळ

झाडाच्या क्रमांकाची पडलेली पत्र्याची पट्टी उचलायला दुर्बीणबाई खाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

आठव्या ओळीतल्या अकराव्या झाडाच्या पोटात, अगदी खालच्या फांदीवर, पानांच्या आड फुलांचे तीन तुरे लोंबत होते. बोटभर लांब, सुरवंटासारखे. दोन अर्धवट उघडलेले, तिसरा पुरता उमललेला. तिने त्याला बोट लावले. बोट परागांनी पिवळे झाले.

पावणेआठ वाजले होते. अकरा वाजता तपासणीची माणसे यायची होती.

बाईने आधी मान वळवून मागे पाहिले. कोणी नव्हते. दूर फाटकापाशी मामा, म्हणजे तिथला पहारेकरी, खुर्ची उन्हात ओढत होता. पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. मग तिने पुन्हा तुऱ्याकडे पाहिले. मघाशी दिसला तो भास असता तर फार बरे झाले असते, पण तो तिथेच होता आणि वाऱ्याने हलत होता.

या शेतावर एक नियम होता आणि तो बाईला झोपेत विचारला तरी सांगता आला असता. एकही फूल उमलता कामा नये. कळी दिसली की काढायची, मोजायची, पाकिटात घालून भट्टीत जाळायची. आणि चुकून उमललेले फूल आढळलेच, तर चोवीस तासांच्या आत कळवायचे. कळवले की सगळे शेत तोडायचे. एक झाड नव्हे, एक ओळ नव्हे. सगळे.

कारण ही झाडे बाहेरच्या झाडांसारखी नव्हती, आणि त्यांचे पराग वाऱ्याने बाहेरच्या झाडांवर पोचू द्यायचे नव्हते. हा सगळा प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी तिला फार वर्षांपूर्वी, प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला ती लागली तेव्हा, समजावून सांगितले होते. झाडाला उंच करणारे एक संप्रेरक असते, जिबरेलिन नावाचे. ते तयार करायला लावणारे एक जनुक असते आणि तयार झालेले नासवून टाकणारे दुसरे. बाईने ते आपल्या परीने समजून घेतले होते. "म्हणजे घरात एक जण चूल पेटवतो आणि दुसरा येऊन पाणी ओततो, तसं," ती म्हणाली होती आणि मॅडम खो खो हसल्या होत्या. "तसंच! काही झाडांत आपण चूल पेटवणारा जास्त कामाला लावलाय, काहींत पाणी ओतणारा."

चूल पेटवणाऱ्यांना शेतावरची माणसे लंबू म्हणत. चार वर्षांत ती तीन मजली घराएवढी झाली होती. पाणी ओतणाऱ्यांना बुटके म्हणत. चाळीस झाडे, एक ओळ, खांद्याएवढी उंच, पाने गडद आणि दाट. आणि ज्यांच्यात काहीच बदल केला नव्हता ती झाडे म्हणजे 'आपली'. "आपल्यांना पाणी पाजलंस का?" असे कोणी विचारले की नव्या माणसाला वाटे, घरच्यांची चौकशी चालली आहे.

ही झाडे वयात यायला सात-आठ वर्षे लागतात, असे सगळी पुस्तके सांगत होती. फूल आलेच तर आधी लंबूंना येईल, तेही शेंड्याला, असे सगळ्यांना वाटत होते. म्हणून बाईच्या गळ्यात दुर्बीण आली. थंडी सरताना सहा आठवडे ती रोज एकेका शेंड्याखाली उभी राहून मान वर करी. मानेला पट्टा लागला, पण डोळे चांगले होते. गेल्या वर्षी लंबूंच्या शेंड्यांवरचे कळीसारखे दिसणारे दोन कोंब तिनेच टिपले होते; ते पानांचे निघाले. बुटक्यांवर आठवड्यातून एकदा, शुक्रवारी नजर टाकायची. उगाच, कागदावर असावे म्हणून.

आणि गेल्या शुक्रवारी तिने ती टाकली नव्हती.

मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत होती, दूरच्या गावी. त्या दिवशी रुग्णालयाच्या कामाने ती इथून जाणार होती आणि मध्ये तीन तास मोकळी होती. चार महिन्यांनी घरी येणार, तीन तासांसाठी. बाईने तीन वाजताच वहीत सही केली. ओळ आठ, झाडे चाळीस, कळ्या शून्य. आणि फाटकाबाहेर पडली. मुलगी जेवली, हसली, आईच्या मांडीवर डोके ठेवून अर्धा तास झोपली आणि गेली.

तुरे शुक्रवारी असणारच. मिटलेले असतील, पण असतील. आज मंगळवार.

बाईने ते तिन्ही अलगद खुडले. कळ्यांसाठी खिशात असायचे तसले एक पाकीट काढले, त्यात ठेवले, तोंड दुमडले आणि जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या कप्प्यात घातले. मग ती गुडघ्यांवर बसली आणि पुढचे झाड उघडून पाहिले. त्याच्या पुढचे. पानांत हात घालून, फांदी बाजूला करून, कोणी पोराच्या केसांत उवा बघाव्या तसे. चाळीसही झाडे पाहीपर्यंत साडेनऊ झाले. आणखी काही दिसले नाही. गुडघे चिखलाने माखले होते.

अवजारांच्या खोलीमागे जाऊन तिने घरी फोन लावला. नवरा शिंपी होता, घरातच शाळेचे गणवेश शिवायचा. फोनमधून मशीनची खडखड ऐकू आली.

"अहो, मशीन थांबवा जरा."

"काय झालं? शिडीवरून पडलीस का?"

"फूल आलंय."

खडखड थांबली. चार वर्षे रोज जेवताना तो हेच ऐकत आला होता, त्याला वेगळे सांगायची गरज नव्हती.

"कुठं? शेंड्याला?"

"बुटक्यांत. खाली, गुडघ्याशी. उमललंय."

"कोणी बघितलं?"

"मी."

"म्हणजे कोणीच नाही. तोडलंस?"

"तोडलं."

"मग झालं तर! एका फुलानं काय आभाळ कोसळतंय? वर बघून बघून मान मोडली तुझी, आणि ते आलं गुडघ्याशी. काखेत कळसा म्हणतात तो हाच." तो हसायला गेला, पण त्याला जमले नाही.

"शुक्रवारी मी न बघताच सही केली होती."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चिऊसाठी आलीस," तो म्हणाला.

"तिनं नव्हतं बोलावलं. मीच आले."

"म्हणून तर सांगतोय, गप्प बस. त्यांना येऊ दे, जाऊ दे. घरी आलीस की बोलू."

तिने फोन ठेवला. कोटाच्या बाहीला पिवळे पराग लागले होते. तिने झटकले तर आणखी पसरले. मग तिने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

*

तपासणीला दोघे आले. एक पिकल्या केसांचे, सर्दी झालेले साहेब आणि त्यांच्याबरोबर फाइल सांभाळणारी बारीक चणीची बाई. साहेब मोठ्याने बोलत नसत. मोठ्याने बोलणाऱ्या माणसासमोर निदान खाली मान घालून उभे राहता येते. हे साहेब प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहत.

मॅडमनी नवी चप्पल घातली होती आणि ती त्यांना चावत होती. पन्नाशीच्या बाई, पण त्या दिवशी परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या दिसत होत्या. सात वर्षे बाटल्यांत आणि चार वर्षे मातीत, अशी त्यांची अकरा वर्षे या शेतात उभी होती. "चला, आधी लंबू दाखवते," त्या म्हणाल्या आणि लगेच सावरून घेतले, "म्हणजे उंच वाढणाऱ्या ओळी."

लंबूंखाली तासभर गेला. साहेबांनी बाईची दुर्बीण मागून घेतली आणि स्वतः दहा शेंडे पाहिले. "चांगली आहे," एवढेच म्हणाले. दुर्बीण की देखरेख, ते कळले नाही.

मग ते आठव्या ओळीकडे वळले.

"ही राहू द्या ना," मॅडम म्हणाल्या, "यांना अजून दहा वर्षं तरी काही नाही. ऊन लागतंय तुम्हाला."

"आलोय तर बघून घेतो."

साहेब एकेक झाड पाहत निघाले. पहिले, दुसरे. चौथ्यापाशी त्यांना शिंक आली. सहाव्यापाशी दोन आल्या. "काय आहे कोण जाणे," ते रुमालात म्हणाले, "या ओळीत शिरलो आणि सुरू झालं." फाइलवाली बाई हसली. मॅडमही हसल्या.  दुर्बीणबाईने शेजारच्या झाडाची फांदी धरली आणि मग आपण काय धरले आहे ते लक्षात येऊन सोडून दिली.

अकराव्या झाडापाशी साहेब थांबले. वाकले. खालच्या एका पानावरून त्यांनी बोट फिरवले आणि ते डोळ्यांजवळ नेले.

"ही धूळ कसली?"

"रस्त्याचं काम चाललंय पलीकडे," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यावर बसतेय. माझ्या टेबलावरसुद्धा."

त्या खोटे बोलत नव्हत्या. रस्त्याचे काम खरेच चालले होते.

साहेबांनी बोट रुमालाला पुसले. मग दुर्बीणबाईकडे वळून विचारले, "ही ओळ शेवटची कधी पाहिलीत, बाई?"

"शुक्रवारी."

"तुम्ही स्वतः?"

ते तोंडाकडे बघत राहिले. मॅडमही तिच्याकडे बघत होत्या, निर्धास्त, जसे घरातल्या माणसाकडे बघावे तसे. एवढ्या वर्षांत बाईने एक बाटली फोडली होती आणि तीही स्वतः येऊन सांगितली होती.

"हो साहेब," ती म्हणाली. "मी स्वतः."

फाइलवाल्या बाईने ते लिहून घेतले.

*

एक वाजता गाडी गेली. मामाने फाटक लावले आणि मॅडमनी दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. "या, बाई, आत या. चहा घेऊ."

मॅडमच्या खोलीत एका भिंतीला चार वर्षांची छायाचित्रे ओळीने लावलेली होती. पहिल्यात सगळी रोपे सारखीच, वीतभर. बाईला तीही आठवत होती आणि त्याच्या आधीचीही, काचेच्या तळाशी इवलासा हिरवा गोळा होती तेव्हाची. त्या गोळ्याला पहिले पान फुटले ते तिनेच पहिल्यांदा पाहिले होते आणि धावत जाऊन मॅडमना बोलावून आणले होते.

"जीव भांड्यात पडला बघा," मॅडम म्हणाल्या. "आता ऐका, अजून कोणाला सांगितलेलं नाही. बुटक्यांना परवानगी मिळतेय."

"कसली?"

"बाहेर लावायची. शहरांतून. विजेच्या तारांखाली दर वर्षी झाडं छाटावी लागतात की नाही? हे वाढणारच नाही तारेपर्यंत. चाळीस ठिकाणी कलमं जाणार पुढच्या महिन्यात. साहेब म्हणाले, चार वर्षांत एकही कळी नाही, म्हणजे यांना रोजची राखण नको. वर्षातून एकदा बघितलं तरी पुरे." त्यांनी कप पुढे केला. "चाळीस ठिकाणी, बाई! आपण बाटलीत वाढवलेली!"

बाईने कप घेतला नाही.

अकरा वाजल्यापासून तिने मनाशी एक हिशेब धरला होता. एक तुरा. एक झाड. कालव्याच्या काठाला याच जातीची झाडे होती, अर्ध्या कोसावर. पण वारा चार दिवस उलट्या दिशेचा होता, असे तिला वाटत होते. तेवढ्यावर ती उभी होती. आता ती चाळीस रस्ते बघू लागली. कोण वाकून बघणार होते तिथे?

तिने डबा टेबलावर ठेवला. झाकण काढले. पाकीट उघडून टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर उलटे केले.

मॅडमनी आधी ते ओळखलेच नाही. मग ओळखले. कप ठेवताना बशीवर आपटला.

"कुठलं?"

"आठवी ओळ, अकरावं झाड."

"कधी?"

"आज सकाळी. पावणेआठला."

"पावणेआठ." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, जणू ते काही सांगणार होते. "आणि बारा वाजता तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होता."

"हो."

"मी धूळ म्हणाले. माझ्या तोंडून म्हणवलंत तुम्ही."

"हो."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी बघितलंच नव्हतं. मुलगी आली होती. तीन वाजता सही करून गेले."

मॅडम ओरडल्या असत्या तर बाईला बरे वाटले असते. त्या उठल्या, उमललेला तुरा चिमट्याने उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ डोळा लावून बसल्या. 

"रिकामा झालाय. पराग उडून गेलेत," त्या म्हणाल्या. मग पुन्हा पाहिले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. "चार वर्षांत? आठ वर्षांची नाही, चार? आणि उंच झाडांना नाही, यांना..." त्यांनी मान वर केली. क्षणभर त्या सगळे विसरल्या होत्या. "बाई, उलटंच आहे हे. जे संप्रेरक उंच करतं, तेच फुलाला थोपवून धरत असणार. यांच्यात ते नासतंय. थोपवणारं कोणी उरलंच नाही. म्हणून ही लवकर वयात आली. आणि आपण सगळे वर बघत बसलो..." मग त्यांना आठवले. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवले.

"तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?" त्यांनी हात न काढता विचारले.

"आमच्या ह्यांना."

"काय म्हणाले?"

"गप्प बस म्हणाले."

"शहाणा माणूस आहे."

बाईने डब्याचे झाकण लावले.

"ओळ आठ उपटून टाकता येईल," मॅडम हळूच म्हणाल्या, स्वतःशीच. "मर रोग लागला म्हणायचं. कलमं पाठवायची नाहीत, काही तरी कारण काढायचं. उंच झाडं राहतील. 'आपली' राहतील. मी साठ वर्षांची होईपर्यंत..." त्या थांबल्या. "तुम्ही बाहेर बसा, बाई."

बाहेर व्हरांड्यात बाक होते. बाई त्यावर बसली. दार बंद झाले. आतून काही ऐकू येईना, ना फोन, ना पावले. मामा येऊन विचारून गेला, "काय, पास झालो ना आपण?" आणि उत्तराची वाट न बघता गेला. लंबूंचे शेंडे हलत होते. कितीदा तरी तिच्या मनात आले, उठावे आणि आत जाऊन म्हणावे, मॅडम, मी काहीच दाखवलेलं नाही तुम्हाला. ती उठली नाही. पण मॅडमनी तसे म्हटले असते, तर आपण हो म्हटले असते की नाही, हे तिला पुढे कधीच ठरवता आले नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडले. मॅडमच्या पायात चपला नव्हत्या.

"मामांना फाटक उघडं ठेवायला सांगा," त्या म्हणाल्या. "साहेब परत येताहेत. आणि वही आणा."

*

साहेबांनी तुरे पाहिले, वही पाहिली आणि शुक्रवारच्या सहीवर पेन टेकवले.

"ही तुमची?"

"माझी. पण मी पाहिलं नव्हतं."

"सकाळी मला वेगळं सांगितलंत."

"खोटं सांगितलं."

"शुक्रवारी का नाही पाहिलं?"

"मुलगी आली होती, साहेब. तीन तासांसाठी."

"एवढंच कारण?"

"एवढंच."

साहेबांनी ते जसेच्या तसे लिहिले. मग वही तिच्यापुढे करून म्हणाले, "वाचा आणि खाली सही करा." आणि या वेळी तिने पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचले.

घरी पोचली तेव्हा नवरा काज करत बसला होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि सुई कापडात खोचून ठेवली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मला वाटलंच." तो उठला, तिला पाणी दिले. ती अर्धे प्याली. "मी चुकीचं सांगितलं होतं का गं?"

"नाही हो. घरचा माणूस दुसरं काय सांगणार?"

रात्री मुलीचा फोन आला. वडिलांनी आधीच सांगून टाकले होते. "आई, माझ्यामुळे झालं ना हे?" ती रडवेली झाली होती.

"तुझ्यामुळे कशानं? तू काय सही करायला आली होतीस?" बाई म्हणाली. "जेवलीस का?"

"तू जेवलीस का ते सांग."

दोघींपैकी कोणीच जेवले नव्हते. दोघींनी हो म्हणून सांगितले.

*

शेत तोडायचा दिवस आठ दिवसांनी ठरला. बाईला त्याच आठवड्यात कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले होते. त्यात काही कडू लिहिलेले नव्हते, दोन ओळींचे पत्र होते. तरी मॅडमचा निरोप आला. कुठल्या झाडाचा क्रमांक कुठला, हे पट्ट्या पडल्या असतील तिथे तिच्याशिवाय कोणाला सांगता येणार नव्हते.

फाटकापाशी मामाने दुसरीच वही पुढे केली. त्याला तिच्याकडे बघवत नव्हते. "बाई, नियम आहे. पाहुण्यांच्या वहीत..."

"द्या की," ती म्हणाली. नाव लिहिले, वेळ लिहिली. 'कोणाला भेटायचे' या रकान्यापाशी थोडी अडली. मग तिथे 'झाडे' असे लिहिले. मामाने वाचले आणि वही मिटली.

बुटक्यांपासून सुरुवात झाली. त्यांना करवत लागलीच नाही. मुळाशी कोयता घातला की झाले. प्रत्येक झाड ताडपत्रीवर आडवे करून मॅडम आणि बाई दोघी समोरासमोर गुडघ्यांवर बसून ते फांदी फांदीने उघडत होत्या. क्रमांक बाई सांगे, मॅडम लिहीत. त्या दोघी आठ दिवसांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आताही फक्त आकडे बोलत होत्या.

सतराव्या झाडात, खोडाला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढी कळी निघाली.

"ही मी त्या दिवशी बघितली होती," बाई म्हणाली. "म्हणजे या फांदीत हात घातला होता. दिसली नाही मला."

"मलाही दिसली नसती."

दुपारपर्यंत नऊ झाडांत कळ्या निघाल्या. चाळिसात नऊ. मॅडमनी आकड्याभोवती गोल केला, पेन टोपणात घातले, पुन्हा काढले.

"हे मी लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "छापायला पाठवणार. शेत गेलं तरी एवढं राहील. दुसऱ्या कोणी अशी झाडं लावली तर आधी खाली बघतील. पहिलं फूल कोणी पाहिलं, तेही लिहीन."

"नको मॅडम. मग कोणी पाहिलं नाही, तेही लिहावं लागेल."

"तेही लिहीन."

बाईने मान हलवली. मग पुढच्या झाडाचा क्रमांक सांगितला.

लंबूंना दोन दिवस लागले. प्रत्येक पडताना आधी वर कुठे तरी कडकड वाजे आणि मग आभाळाचा एक तुकडा मोकळा होई. बुंध्यांवर औषध चोपडले, पुन्हा फुटवा येऊ नये म्हणून. मोळ्या भट्टीकडे गेल्या. 'आपली' सगळ्यात शेवटी तोडली. त्यांच्यात काहीच बदललेले नव्हते, पण पत्रात 'सर्व' असे लिहिले होते. त्यातले शेवटचे झाड पडले तेव्हा मॅडम तिथे नव्हत्या. त्या खोलीतली छायाचित्रे उतरवत होत्या.

करवतवाली माणसे हातपाय धुवायला गेली. बाई एकटीच राहिली. इतका उजेड त्या जागी तिने कधी पाहिला नव्हता. दुपार असूनही तिला उगाच लवकर सकाळ झाल्यासारखे वाटले. शेताच्या पलीकडे कुंपण होते, कुंपणापलीकडे रस्ता, आणि रस्त्याला लागून एक पिवळे दुमजली घर. चार वर्षे ते तिथेच असणार. ती रोज त्याच्याकडे तोंड करून काम करत होती आणि तिला ते माहीत नव्हते.

त्या घराच्या गच्चीवर एक बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. एक चादर ओढून घेतली तसे तिला समोरचे दिसले आणि ती थांबली. चादर छातीशी धरून कठड्यापाशी आली. मोकळ्या रानाकडे बघत राहिली, मग त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या या बाईकडे. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हते. काय झाले, असे विचारावे तसा तिने मोकळा हात वर करून हलवला.

दुर्बीणबाईनेही हात वर केला. थोडा वेळ दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग गच्चीवरची बाई चादरीच्या घड्या घालू लागली, आणि ही बुंधे चुकवत फाटकाकडे निघाली.